नऊवारी घरात, नाचणारी उंबऱ्याबाहेर

डिसेंबर लागला की जुन्या जालन्यात शाळांच्या गॅदरिंगची लगबग सुरू होते. गांधी चमनपासून कुंडलिका नदीच्या पलीकडे कादराबादपर्यंत पालकांची पावले भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानांकडे वळतात. या दुकानांत दोन पोशाख हमखास असतात. एक म्हणजे ताठ जाळीच्या थरांचा, कंबरेपासून फुललेला फ्रॉक. परीच्या नाचाला तो लागतो, आणि तसाच फ्रॉक बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला विकतही घेतला जातो. दुसरा म्हणजे शिवलेली नऊवारी, सोबत कंबरपट्टा, नथ आणि नकली अंबाडा. दोन्ही पोशाख आज इतके घरगुती झाले आहेत की ते मुळात कोणाच्या अंगावरून आले, हा प्रश्न कोणाला पडत नाही. दोन्हींचा रस्ता रंगमंचावरून आला आहे. नाचून पोट भरणाऱ्या बायकांच्या अंगावरून. पहिला पॅरिसच्या ऑपेराघरातून निघाला, दुसऱ्याला त्याचा आजचा डौल तमाशाच्या फडाने दिला. फरक असा की पहिल्या पोशाखाला मान मिळाला तेव्हा तो घालणारीलाही हळूहळू मिळत गेला. दुसऱ्याच्या बाबतीत आपण साडी घरात घेतली आणि नाचणारीला उंबऱ्याबाहेर उभे ठेवले. हे आपोआप घडलेले नाही आणि ते बदलता येते, असे माझे म्हणणे आहे.

जाळीच्या फ्रॉकची गोष्ट आधी पाहू, कारण ती लांबची असली तरी तिच्यातून आपल्याला काही शिकता येते. 12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फिद' हे बॅले पहिल्यांदा झाले. मारी ताल्योनी ही नर्तकी त्यात पोटरीपर्यंत येणारा, पांढऱ्या तलम कापडाचा घोळदार घागरा घालून पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचली. माणसाच्या प्रेमात पडलेली ती वाऱ्यासारखी परी जमिनीला टेकतच नाही असे वाटावे, हे त्या घागऱ्याचे काम होते. पुढे त्याला टुटू हे नाव पडले. त्याआधी शंभर वर्षे, 1730 च्या दशकात, मारी कामार्गो हिने पायांचे बारीक काम लोकांना दिसावे म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला होता आणि तेवढ्यावरून गहजब झाला होता. ताल्योनीनंतर घागरा आखूड होत गेला. 1880 च्या दशकात इटलीची व्हर्जिनिया झुक्की रशियात नाचायला गेली तेव्हा तिने आणखी आखूड घागऱ्याचा आग्रह धरला, आणि पुढे 'स्वान लेक'मध्ये दिसणारा, कंबरेभोवती आडवा पसरलेला टुटू रूढ झाला. म्हणजे प्रत्येक वेळी कात्री चालली ती नाचाच्या गरजेने. पाय जितका अवघड काम करू लागला तितके कापड वर सरकले.

फॅशनने हे लगेच उचलले. ताल्योनीच्या यशानंतर पॅरिसमध्ये बायकांना तलम पांढऱ्याचे वेड लागले, आणि 'ला सिल्फिद' याच नावाचे फॅशनचे नियतकालिक निघाले. विसाव्या शतकात ओघ आणखी वाढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या चपलांवर रेशनिंग आले तेव्हा क्लेअर मॅककार्डेल या डिझायनरने आपल्या कपड्यांसोबत बॅलेचे मऊ सपाट बूट वापरायला काढले. 1956 मध्ये रोझ रेपेट्टो यांनी ब्रिजित बार्दोसाठी तसाच जोड बनवला. त्याच घाटाची पादत्राणे जालन्याच्या बाजारात आज 'बेली' म्हणून विकली जातात आणि कॉलेजच्या मुली ती रोज घालतात. युद्धानंतर पॅरिस-लंडनच्या नामांकित शिलाईघरांनी मेजवान्यांच्या पोशाखांत जाळीचे थरावर थर लावले, आणि तिथून ते लग्नाच्या गाऊनमध्ये, बाहुल्यांच्या अंगावर, शेवटी आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्रॉकमध्ये उतरले.

या चकचकीत प्रवासाखाली जे दडले आहे ते विसरून चालणार नाही. रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि टुटूचे कापड क्षणात पेट घेई. 15 नोव्हेंबर 1862 रोजी पॅरिस ऑपेरातल्या तालमीत एमा लिव्री या तरुण नर्तकीच्या घागऱ्याने पेट घेतला. कापड पेटू नये म्हणून त्यावर करण्याची प्रक्रिया तेव्हा माहीत होती. पण त्याने घागरा कडक आणि पिवळट होई, म्हणून तिने ती नाकारली होती. पुढच्या जुलैत ती गेली. त्याच ऑपेरात पैसेवाले वर्गणीदार पुरुष मंचामागच्या दालनात नर्तकींना गाठत आणि गरीब घरच्या मुलींच्या आयांशी सौदे होत. एदगार देगा याने 1881 मध्ये मांडलेला चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा जगप्रसिद्ध आहे. त्याला त्याने खरा कापडी घागरा नेसवला होता. ज्या मुलीवरून तो घडवला ती मारी व्हान गोथेम एका धोबिणीची मुलगी होती. पुतळा पाहून समीक्षकांनी नाके मुरडली, आणि पुढच्या वर्षी गैरहजेरीच्या कारणावरून त्या मुलीला ऑपेरातून काढून टाकले. बॅले हा पहिल्यापासून सोवळा, घरंदाज प्रकार होता असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तसे अजिबात नव्हते. बोर्डावरची बाई म्हणजे कोणाचीही, ही समजूत पॅरिसमध्येही होती.

मग चित्र पालटले कशाने? उपदेशाने नक्कीच नाही. पॅरिस ऑपेराची नृत्यशाळा 1713 पासून चालू आहे. ऑपेरातल्या कलाकारांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था तिच्याही आधीची, 1698 ची, चौदाव्या लुईच्या काळातली आहे. या संस्था शोषणाच्या काळातही होत्या, पण जसजसा समाज बदलत गेला तसतशी त्यांनी नर्तकीला उभे राहायला जमीन दिली: ठरलेले शिक्षण, ठरलेली पायरी, ठरलेला पगार आणि शरीर थकल्यावर पेन्शन. तिथली नर्तकी आज 42 व्या वर्षी निवृत्त होते. सरकारने हा हक्क काढून घ्यायचे ठरवले तेव्हा 24 डिसेंबर 2019 रोजी संपावर असलेल्या नर्तकींनी ऑपेराच्या दाराबाहेर, थंडीत, पांढरे टुटू घालून 'स्वान लेक'चा भाग सादर केला. सारे जग ते दृश्य पाहत राहिले. ज्या घागऱ्यामुळे एक पोरगी जळून गेली होती, तोच घागरा घालून तिच्या वारसदार आपली पेन्शन मागत होत्या, आणि रस्त्यावरची माणसे टाळ्या वाजवत होती.

आता आपल्या नऊवारीकडे या. सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी, दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा, पुढे निऱ्यांचा चुणीदार पट्टा, छातीवरून आवळून आणलेला पदर कंबरेला खोचलेला आणि त्यावर पट्टा. लावणीची कलावंतीण नेसते ती नऊवारी घरच्या नेसण्याहून घट्ट असते, कारण तिला त्यात गिरक्या घ्यायच्या असतात, ठेका धरायचा असतो आणि एका झटक्यात जमिनीवर बसून पुन्हा उठायचे असते. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे होतात, घोटा मोकळा राहतो आणि त्यावर बांधलेल्या चाळांचा प्रत्येक बोल ऐकू येतो. बैठकीच्या लावणीत ती बसूनच अदा करते, तेव्हा मांडीवर पसरलेले काठ आणि निऱ्यांचा पंखाही तिच्या हातांइतकाच बोलतो. टुटूने नर्तकीला जमिनीपासून उचलले. नऊवारी तिला जमिनीत रोवते, आणि सगळा जोर टाचेतून येतो. दोन्ही पोशाख नाचाच्या गणिताने घडले आहेत. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. टुटूत पाय वरपर्यंत दिसतो, नऊवारीत बाई घोट्यापर्यंत झाकलेली असते. तरीही आपल्याकडे बॅले अभिजात आणि लावणी अश्लील. याचा अर्थ उघड आहे की आक्षेप कधीच कापडाला नव्हता. तो ते नेसणाऱ्या बाईच्या जातीला आणि तिच्या पोटापाण्याच्या धंद्याला होता.

हे सिद्ध करायला फार लांब जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बायकांची फॅशन कोणी ठरवली असेल, तर ती एका पुरुषाने. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 'मानापमान'मधली भामिनी होऊन रंगमंचावर आले की प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्या पैठणीचा काठ, पदर घेण्याची ढब, अंबाड्यातली फुले आणि दागिने टिपून घेत, आणि मग घरोघरी तसेच नेसणे सुरू होई. रंगमंचावरचा पोशाख घरात येण्याला तेव्हा कोणी नाक मुरडले नाही, उलट तो अभिमानाचा विषय झाला. बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले, आणि ते सर्व योग्यच झाले. त्यांच्याच गंधर्व नाटक मंडळीत गायलेले आणि चाली बांधलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव जालन्याच्या नाट्यगृहाला आहे. पण त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर नऊवारी नेसून नाचत होत्या, लोक त्यांच्यासाठी तिकिटे काढून गर्दी करत होते, आणि त्यांच्यासारखी साडी नेसली असे कोणत्याही घरंदाज बाईने उघडपणे म्हटले नसते. एकाच जातीची साडी, एकच काळ. नेसणारा उच्चवर्णीय पुरुष असला की ती कला. दलित बाई असली की तो नाद.

पुढचा इतिहास हाच धागा घेऊन जातो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली, ती उठल्यावर तमाशा 'सुधारण्या'ची खटपट झाली. मग सिनेमा आला. 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात दोन वर्षांहून अधिक चालला, 1972 च्या 'पिंजरा'ने नऊवारीला रंगीत पडद्यावर नेले, आणि 2010 च्या 'नटरंग'ने तर एका नव्या पिढीला ती साडी पुन्हा दाखवली. 'अप्सरा आली' आणि 'वाजले की बारा' या दोन गाण्यांनंतर गावोगावच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या संगीत कार्यक्रमात आणि सोसायट्यांच्या गणपतीत नऊवारीची जी लाट आली, ती ओसरलेली नाही. 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रा पुढे सगळीकडे पसरल्या आणि नऊवारी, फेटा, बुलेट हे त्यांचे ठरलेले चित्र झाले. जालन्यातही पाडव्याला, शिवजयंतीला हे दिसते. नेसायला येत नाही म्हणून अडू नये अशी सोय शिलाईने केली: कंबरेला नाडी किंवा इलास्टिक, बाजूला चेन, पुढच्या निऱ्या टाके घालून बसवलेल्या, मागचा काष्टा कायमचा शिवलेला, पदर जोडलेला. पाच मिनिटांत घालून होते. रंगमंचावर दोन गाण्यांच्या मध्ये कपडे बदलणाऱ्याला जी सोय लागते, तीच आता नवरीला वरातीच्या घाईत लागते.

या शिवलेल्या नऊवाऱ्या बाजारात कोणत्या नावांनी विकल्या जातात ते पाहा. पेशवाई, ब्राह्मणी, राजलक्ष्मी, मस्तानी, शाही मस्तानी. राजवाडा आहे, पेशवाई आहे, जात आहे, ऐतिहासिक सौंदर्यवती आहे. 'लावणी नऊवारी' हे नावही बाजारात आहे, पण ते बहुतेक भाड्याच्या दुकानात, एका दिवसाच्या नाचाच्या ड्रेससाठी. लग्नात नेसायची ती पेशवाई. सोंग घ्यायचे ते लावणीचे. ज्या फडाने आवळ नेसण्यातून, रुंद काठातून आणि कंबरपट्ट्यातून नऊवारीला आजचा डौल दिला त्या फडाचे नाव लग्नाच्या कपाटात शिरू दिले जात नाही. 2015 मध्ये 'बाजीराव मस्तानी' चित्रपटातल्या 'पिंगा' गाण्यावरून वाद पेटला तेव्हाही हेच उघडे पडले. नेसण्यातल्या चुका दाखवणारे होते, त्यांचे म्हणणे वेगळे. पण सर्वांत मोठा संताप होता तो काशीबाईंसारखी घरंदाज स्त्री अशी नाचेल का, याचा. तमासगिरिणीशी तुलना होणे हाच अपमान आहे, हे त्या संतापाने गृहीत धरले होते, आणि त्या गृहीतकाला कोणी हरकत घेतल्याचे फारसे दिसले नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे. नऊवारी काही लावणीची मालमत्ता नाही. शेतात खुरपणाऱ्या बाया, कोळणी, घरातल्या आज्या, सगळ्याच ती नेसत. फडाने ती समाजाकडून घेतली, समाजाने फडाकडून नव्हे. मूळ वस्त्राबद्दल हे अगदी खरे आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी घरांतून लुगडे गेले आणि सहावारी गोल साडी आली. मराठवाड्यातल्या खेड्यांत म्हाताऱ्यांनी ते अंगावर टिकवले, आणि तमाशाच्या कनातीत ते तरुण अंगावर, हालचालीसह टिकले. आज नव्याने विकत घेतली जाते ती नऊवारी आजीच्या इरकली लुगड्यासारखी दिसते का? नाही. तिचे झळझळीत रंग, आवळ बांधणी, कंबरपट्टा आणि उभे राहण्याची ढब ही सरळ रंगमंचावरून आणि त्याची नक्कल करणाऱ्या सिनेमातून आली आहे. वस्त्र सर्वांचे होते. त्याला जिवंत ठेवून नवी घडण देणाऱ्या बायका मात्र ठरावीक होत्या, त्यांना नावे होती, आणि ती नावे आपण घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला झटकून टाकायचा नाही. लावणीच्या जगाला फुलांनी मढवू नका, असे तो सांगतो. ते शोषणाचे जग आहे. किशोर शांताबाई काळे यांचे 1994 चे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीला लग्न नसे, तिच्या कमाईवर घरचे पुरुष बसून खात, आणि तिच्या मुलांना बापाचे नाव मिळत नसे. डॉक्टर झालेल्या काळे यांनी आईचे नाव मधोमध लावले ते म्हणूनच. अशा कलेच्या पुढच्या पिढ्या तिच्यातून बाहेर पडत असतील, शिकत असतील, तर त्यांना परत चाळ बांधायला लावणारे आपण कोण? कोणालाही लावायचे नाही. मुलगी नर्स झाली, शिक्षिका झाली, तर ती त्या आईच्या पायांची कमाई आहे. पण हा आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. बॅलेच्या मंचामागचे दालनही तितकेच घाण होते. तिथे उत्तर म्हणून नाच बंद केला गेला नाही. नाचणारीला कोणाच्या मेहेरबानीवर जगावे लागू नये अशी व्यवस्था काळाच्या ओघात, भांडून, घट्ट केली गेली. आपण शोषण पाहून कलेला नावे ठेवली आणि शोषण तसेच ठेवले. फडमालक, दलाल, दौलतजादा उधळणारे मोकळे राहिले, बदनाम झाली ती फक्त नाचणारी.

पुरस्कार तर देतो ना आपण, असेही कोणी म्हणेल. देतो. यमुनाबाई वाईकर यांना 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते. सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री 2022 मध्ये मिळाली, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. विठाबाई नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. प्रयोग चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत होऊन, नाळ दगडाने तोडून त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे आणि आपण ती कौतुकाने सांगतो. कौतुक करण्यासारखे तिच्यात विठाबाईंचे धैर्य आहे. पण ज्या व्यवसायात बाळंतिणीला एक रात्रीची सुटी मिळत नाही त्या व्यवसायाची ती फिर्यादही आहे. त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, 2002 मध्ये त्या गेल्या, आणि मग सरकारने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार ठेवला. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजनाही राज्यात आहे, आणि ती असावीच. पण आयुष्य संपत आल्यावर गळ्यात पडणारा हार आणि विशीपासून मिळणारी पगाराची हमी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2020 आणि 2021 च्या साथीत यात्रा-जत्रा बंद झाल्या तेव्हा फडांचे ट्रक दोन हंगाम उभे राहिले, आणि कलावंतांना कर्ज काढून किंवा मजुरी करून दिवस काढावे लागले. बॅलेच्या मोठ्या कंपन्यांचेही पडदे तेव्हा बंद होते. पण त्यांच्यामागे संस्था होती. यांच्यामागे सावकार होता.

जालन्यापुरते बोलायचे तर एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 2018 मध्ये इथल्या बाजार समितीत रेशीम कोषांची राज्यातली पहिली खुली बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे. आता कोष त्याच्या डोळ्यांदेखत तपासला जातो, लिलाव होतो, प्रतीप्रमाणे भाव ठरतो. पुढे रेशमाची पैठणी होते, तिला भौगोलिक मानांकन आहे. पैठण-येवल्याच्या विणकराचे हाल संपलेले नाहीत, पण निदान त्याच्या कामाला कायद्याने नाव आहे. तुतीच्या पानापासून दुकानातल्या पेटीपर्यंत एका साडीच्या प्रवासात प्रत्येकाचा हिशोब कुठे ना कुठे लिहिला जातो. ती साडी काष्टा घालून, आवळून, चालवून दाखवण्याची रीत ज्यांनी घडवली, तेवढ्यांचाच रकाना कोरा आहे. नेसण्याच्या रीतीवर कोणी मालकी सांगू शकत नाही, हे मान्य. फॅशनला कोणी वेसणही घालू नये. नवरीने नऊवारी नेसावी, शाळकरी मुलीने 'अप्सरा आली'वर नाचावे, त्यात वावगे काही नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांना कामही द्या, एवढीच मागणी आहे.

काम देणे अवघड नाही. दर हिवाळ्यात शाळा गॅदरिंगच्या नाचांसाठी बाहेरून नृत्यदिग्दर्शक बोलावतात आणि पैसे मोजतात. तो शिक्षक व्हिडिओ पाहून लावणी बसवतो, मुली डोळे मिचकावतात, कंबर हलवतात, आणि पालकांना संकोच वाटतो. अदा म्हणजे काय, शब्दावर डोळा कधी जातो, चाळ केव्हा बोलू द्यायचा आणि केव्हा दाबायचा, हे ज्यांना येते त्या बायका चौफुला, मोडनिंब, जामखेडच्या कला केंद्रांत आहेत, आणि त्यांतल्या अनेकींचे नाचण्याचे वय संपत आले आहे. शिकवण्याचे वय मात्र तेव्हाच सुरू होते. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लावणी हा स्पर्धेचा प्रकार आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, आपल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. पदवीची अट बाजूला ठेवून अशा कलावंतिणींना तिथे तासिकेवर का होईना शिकवायला बोलावता येईल. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो, म्हणजे मराठवाड्यात प्रेक्षक नाही असेही कोणी म्हणू शकत नाही.

आणि जालन्यात सुरुवात करायची तर मास्टर कृष्णरावांच्या नावाच्या नाट्यगृहात, गॅदरिंगच्या हंगामाआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक पंधरवडा लावणीचे शिबिर घ्यावे. नगरविकासाच्या निधीतून नाही तर निदान शाळांच्या वर्गणीतून शिकवणाऱ्या कलावंतिणींना जाण्या-येण्याचा खर्च, राहण्याची सोय आणि बाहेरच्या नृत्यदिग्दर्शकाला देतो तेवढेच मानधन द्यावे, आणि ते रोख हातात न ठेवता त्यांच्या खात्यात जमा करावे. गॅदरिंगच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची आणि संस्थाचालकांची नावे छापतो, त्याच ओळीत, त्याच आकारात, नाच बसवणाऱ्या बाईचे नाव छापावे, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी.